मशीन चालू, कॉम्प्युटर चालू, तरी आकडा येत नाही. घोडं नेमकं पेंड कुठं खातं?

गावातलं दूध संकलन केंद्र. सकाळी किटल्यांची रांग लागलेली असते. फॅट मशीनच्या डिस्प्लेवर ३.५ दिसतं, काट्यावर वजन दिसतं, पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दोन्ही रकाने रिकामे. मशीन बंद-चालू करून होतं, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून होतो, वायर हलवून होते. शेवटी वही निघते आणि आकडे हाताने लिहायला सुरुवात होते.

मग दुरुस्तीवाला येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "बोर्ड गेलाय, नवीन टाकावा लागेल."

खरंच बोर्ड गेलेला असतो का? कधी कधी असतोही. पण कित्येकदा मशीनही ठणठणीत असतं आणि कॉम्प्युटरही. बिघाड असतो तो दोघांच्या मध्ये लटकणाऱ्या एका छोट्या डबीत, म्हणजे सिरीयल कन्व्हर्टरमध्ये. ट्रकचा वजनकाटा, कारखान्यातलं जुनं सीएनसी मशीन, लॅबमधलं तपासणी यंत्र, डिप्लोमाच्या पोरांचा प्रोजेक्ट, सगळीकडे हाच प्रकार. आणि तो शोधायला महागडी उपकरणं लागत नाहीत. एक मल्टिमीटर, एक वायरचा तुकडा आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी हे कन्व्हर्टर लागतंच कशाला?

सिरीयल म्हणजे एकामागोमाग एक. एकाच तारेवरून एक-एक बिट रांगेत पाठवायचा, एवढीच ही पद्धत. पण तारेवर '१' कसा दाखवायचा आणि '०' कसा, याच्या दोन वेगवेगळ्या बोली आहेत.

पहिली बोली आरएस-२३२. हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये आलं. संगणकाला मोडेम जोडता यावा, हा त्यामागचा हेतू. यात '१' म्हणजे उणे व्होल्टेज आणि '०' म्हणजे अधिक व्होल्टेज. पाठवणाऱ्याने ५ ते १५ व्होल्टमध्ये पाठवायचं आणि घेणाऱ्याने ३ व्होल्टच्या पुढचं असेल तरच मानायचं. अधिक ३ आणि उणे ३ च्या मधलं काहीही आलं तर त्याला अर्थ नाही. वाटेत थोडा गोंधळ झाला तरी निरोप पोचावा, म्हणून ही मोकळी जागा ठेवलेली.

दुसरी बोली टीटीएल. मशीनच्या आतला मायक्रोकंट्रोलर, अर्डुइनो, रास्पबेरी पाय हे सगळे हीच बोलतात. इथं '०' म्हणजे शून्य व्होल्ट आणि '१' म्हणजे ५ किंवा ३.३ व्होल्ट. उणे व्होल्टेज नावाची भानगडच नाही.

म्हणजे दोघांच्या आवाजाची पट्टी वेगळी आणि अर्थही उलटा. एकाचा 'हो' वर, तर दुसऱ्याचा खाली. मध्ये दुभाषा हवाच. तोच हा कन्व्हर्टर.

दुभाष्याच्या पोटात काय असतं?

या कामासाठी सगळ्यात गाजलेली चिप म्हणजे मॅक्स २३२. मॅक्सिम या अमेरिकन कंपनीने ती १९८७ मध्ये आणली. त्याआधी आरएस-२३२ साठी सर्किटला अधिक १२ आणि उणे १२ व्होल्टचे वेगळे पुरवठे द्यावे लागायचे. मॅक्स २३२ ने ती कटकट संपवली. तिला फक्त ५ व्होल्ट द्यायचे, उरलेलं ती स्वतः बघते.

कसं? चार छोट्या कपॅसिटरच्या जोरावर. एक कपॅसिटर ५ व्होल्टला भरायचा, मग तोच पुरवठ्याच्या डोक्यावर ठेवायचा, की झाले साधारण १० व्होल्ट. मग दुसरा कपॅसिटर त्या १० व्होल्टला भरून उलटा जोडायचा, की झाले उणे १०. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. विहिरीवर एक बादली भरायची, दुसरी रिकामी करायची, तसंच. याला चार्ज पंप म्हणतात. प्रत्यक्षात भार पडल्यावर हे आकडे ८-९ व्होल्टच्या आसपास येतात, तेवढे पुरतात.

हे कपॅसिटर लक्षात ठेवायचे, कारण पुढं बिघाड शोधताना संशयाची सुई त्यांच्याकडे वळणार आहे.

आता दुसरी गोष्ट. नव्या लॅपटॉपला जुना नऊ पिनांचा पोर्टच नसतो. त्यामुळे आणखी एक दुभाषा मध्ये आला, यूएसबी ते सिरीयल. त्यात एफटीडीआयची एफटी२३२, प्रोलिफिकची पीएल२३०३, सीएच३४०, सीपी२१०२ अशा चिप असतात. ही यूएसबी वायर दोन प्रकारची मिळते. एक आरएस-२३२ बोलणारी, दुसरी टीटीएल बोलणारी. नऊ पिनांचा कनेक्टर असेल तर ती बहुधा आरएस-२३२ ची आणि चार सुट्या वायरी असतील तर बहुधा टीटीएलची. पण खात्री दिसण्यावरून करायची नाही, मीटरने करायची. कारण आरएस-२३२ चे उणे-अधिक १० व्होल्ट थेट ३.३ व्होल्टच्या चिपच्या पायाला लागले, तर ती चिप कायमची जाऊ शकते.

पायरी पहिली : कॉम्प्युटरला वायर दिसतेय का?

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडायचा आणि 'पोर्ट्स' खाली बघायचं. तिथं कॉम ३, कॉम ५ असं काही दिसायला हवं. वायर काढली की ते नाव गेलं पाहिजे आणि लावली की परत आलं पाहिजे.

नाव दिसतंय पण सॉफ्टवेअर चालत नाही? मग नंबर बघायचा. अनेक स्वस्त वायरी यूएसबीचं भोक बदललं की नवा कॉम नंबर घेतात. काल वायर डावीकडे होती तेव्हा कॉम ३, आज झाडलोट करताना उजवीकडे लागली तर कॉम ७. सॉफ्टवेअर बिचारं अजून कॉम ३ वरच वाट बघत बसलेलं. अशा वेळी 'बोर्ड गेलाय' म्हणून पैसे मोजणं म्हणजे निव्वळ भुर्दंड.

नावापुढं पिवळं चिन्ह दिसतंय? मग ड्रायव्हरचं प्रकरण. इथं एक किस्सा जगभर गाजलेला आहे. बाजारात एफटीडीआयच्या नकली चिपांचा सुळसुळाट झाला होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून कंपनीचा नवा ड्रायव्हर आला आणि त्याने नकली चिपचा ओळख क्रमांकच पुसून शून्य केला. कालपर्यंत चालणारी उपकरणं एका रात्रीत कॉम्प्युटरला ओळखीनाशी झाली. ज्यांनी नकली चिप अजाणता विकत घेतली होती तेही अडकले. प्रचंड ओरड झाली आणि तो ड्रायव्हर अपडेटमधून मागे घ्यावा लागला. २०१६ मध्ये पुन्हा नवा ड्रायव्हर आला. या वेळी चिप मरत नव्हती, पण नकली असेल तर डेटाच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' अशी ओळ यायची. प्रोलिफिकचे नवे ड्रायव्हरही जुन्या आणि नकली चिपांना नकार देतात.

म्हणून काल चालणारी वायर विंडोज अपडेटनंतर बंद पडली, तर पहिला संशय ड्रायव्हरवर घ्यायचा.

पायरी दुसरी : स्वतःशीच बोलायला लावा

बिघाड शोधण्याची ही सगळ्यात कामाची युक्ती. तिला लूपबॅक म्हणतात.

मशीन पूर्ण बाजूला काढायचं. कन्व्हर्टरच्या नऊ पिनांच्या टोकाला पिन २ आणि पिन ३ वायरच्या तुकड्याने जोडायच्या. एक पिन पाठवण्याची, दुसरी घेण्याची. म्हणजे कॉम्प्युटर जे पाठवेल ते त्याच्याकडेच परत यायला हवं. मग पुटी किंवा टेरा टर्मसारखं टर्मिनल सॉफ्टवेअर उघडायचं, फ्लो कंट्रोल बंद करायचा आणि काहीही टाइप करायचं.

अक्षरं स्क्रीनवर उमटली, तर कॉम्प्युटर, ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर हे तिघंही निर्दोष. दोष पलीकडे, म्हणजे पुढच्या वायरमध्ये, सेटिंगमध्ये किंवा मशीनमध्ये. अक्षरं उमटली नाहीत, तर मशीनला हात लावायचीच गरज नाही. दोष अलीकडे आहे. एका वायरच्या तुकड्याने अर्धा संशय संपला.

पण इथं एक फसगत होते. सॉफ्टवेअरमध्ये 'लोकल एको' चालू असेल तर टाइप केलेलं अक्षर तारेवर न जाताही स्क्रीनवर दिसतं. म्हणून वायरचा तुकडा काढून परत टाइप करायचं. तुकडा काढल्यावर अक्षरं थांबली तरच चाचणी खरी.

हाताने बनवलेलं सर्किट असेल, म्हणजे यूएसबी ते टीटीएल आणि पुढे मॅक्स २३२, तर ही चाचणी दोनदा करायची. आधी टीटीएलच्या टोकाला, मग मॅक्स २३२ च्या पलीकडे. पहिली पास आणि दुसरी नापास झाली, तर चोर दोन्हींच्या मध्ये सापडला.

पायरी तिसरी : मीटर काय सांगतो?

सिरीयल लाइन गप्प असते तेव्हाही ती '१' धरून बसलेली असते. याचा फायदा घ्यायचा.

मशीनची वायर मोकळी ठेवायची, मशीन चालू करायचं. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी पिन ५ वर, कारण ती ग्राउंड. लाल आधी २ वर, मग ३ वर. जिथं उणे ५ ते उणे १२ च्या आसपास आकडा येईल ती मशीनची बोलायची पिन. जिथं शून्याजवळ येईल ती ऐकायची. दोन्हीकडे शून्य आलं, तर मशीन बोलतच नाहीये. आणि उण्याऐवजी अधिक ३.३ किंवा ५ आले, तर ती लाइन बहुधा आरएस-२३२ ची नाहीच, टीटीएल आहे. वायर बदलायला हवी.

हीच मोजणी कन्व्हर्टरच्या टोकाला करायची. त्याची बोलायची पिन कुठली ते कळेल. आता नियम साधा आहे. एकाची बोलायची पिन दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनला. दोघांच्या बोलायच्या पिना एकमेकींना लागल्या, तर दोघं एकाच वेळी बोलणार आणि ऐकणार कुणीच नाही. बाजारात सरळ केबल मिळते, तशीच २ आणि ३ आतल्या आत उलटवलेलीही मिळते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. नवीन केबल घेतल्यापासून बंद पडलं असेल, तर उत्तर बहुधा इथंच असतं.

पिन ५ ची वायर मात्र जोडलेली असलीच पाहिजे. ग्राउंड सामाईक नसेल तर व्होल्टेज कशाच्या तुलनेत मोजायचं, हेच दोघांना ठरवता येत नाही. ग्राउंड तुटलेलं सर्किट कधी चालतं, कधी नाही आणि माणसाला वेड लावतं.

पायरी चौथी : चिपची नाडी

लूपबॅक मॅक्स २३२ पाशी अडला असेल तर चिपवरच मोजायचं. काळी पिन १५ वर, ती ग्राउंड. मग तीन आकडे बघायचे.

- पिन १६ वर ५ व्होल्ट. नसतील तर आधी पुरवठा बघायचा.
- पिन २ वर साधारण अधिक ८ ते १०. इथं जेमतेम ५ च आले तर पंप दुप्पट करत नाहीये. पिन १ आणि ३ मधला कपॅसिटर तपासायचा.
- पिन ६ वर साधारण उणे ८ ते १०. पिन २ बरोबर आणि ६ चुकीची असेल, तर ४ आणि ५ मधला कपॅसिटर किंवा पिन ६ चा कपॅसिटर.

पिन ६ च्या कपॅसिटरपाशी नवशिक्यांची हमखास चूक होते. ही पिन उणे व्होल्टेजची, त्यामुळे कपॅसिटरचं अधिक टोक ग्राउंडकडे जातं. सवयीने ते पिनकडे लावलं की कपॅसिटर उलटा बसतो आणि लवकर जातो. दुसरी चूक मापाची. साध्या मॅक्स २३२ ला १ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लागतात, मॅक्स २३२ए ला ०.१ चालतात. तिसरी चूक म्हणजे ही चिप ३.३ व्होल्टवर चालवणं. त्यासाठी मॅक्स ३२३२ वेगळी मिळते, ती ३ ते ५.५ व्होल्टवर चालते. शिवाय ५ व्होल्टवरच्या मॅक्स २३२ चं आउटपुट थेट रास्पबेरी पायला जोडायचं नाही, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत.

चिपला बोट लावल्यावर चटका बसत असेल तर पुरवठा लगेच काढायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत ही चिप सहज मिळते. सर्किटला चिपसाठी सॉकेट असेल तर बदलायला सोल्डरिंगही लागत नाही.

चिप बोलतेय की नाही हे पाहायची एक गमतीदार युक्ती आहे. इंग्रजी कॅपिटल 'यू' या अक्षराचे बिट तारेवर एक-शून्य-एक-शून्य असे आलटून पालटून जातात. त्यामुळे नुसते 'यू' सलग पाठवले की लाइन अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली राहते. मीटर सरासरी दाखवतो. टीटीएलच्या बाजूला ५ चे साधारण अडीच व्होल्ट होतात आणि आरएस-२३२ च्या बाजूला उण्यावरून आकडा शून्याकडे सरकतो. टीटीएलकडे आकडा हलला आणि पलीकडे हलला नाही, तर निरोप चिपमध्येच अडकलाय. ९६०० च्या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं जातात. म्हणून पाच सेकंद मीटर बघायचा तर जवळपास पाच हजार 'यू' एकदम पेस्ट करायचे. एक बटण दाबून धरल्याने लाइन भरत नाही.

आकडे येतात, पण कचरा येतो

स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं, भलतीच अक्षरं दिसत असतील तर ती चांगली बातमी समजायची. तार जोडलेली आहे, फक्त दोघांचा ठेका जुळत नाहीये.

सिरीयलमध्ये वेळ सांगणारी वेगळी तार नसते. दोघांनी आधीच ठरवलेल्या वेगाने मोजायचं असतं. या वेगाचं एकक बॉड, फ्रेंच टेलिग्राफ अभियंता एमिल बोदो यांच्या नावावरून आलेलं. ९६०० बॉडला एक बिट फक्त १०४ मायक्रोसेकंद टिकतो. एक बाजू ९६०० ने बोलली आणि दुसरी ४८०० ने ऐकत बसली, तर कचराच येणार.

काही अक्षरं बरोबर आणि काही भलतीच येत असतील, तर वेग बरोबर असून पॅरिटी किंवा बिटांची संख्या चुकलेली असू शकते. मशीन ७ बिट आणि सम पॅरिटीने पाठवतंय आणि कॉम्प्युटर ८ बिट म्हणून वाचतोय, तर नेमकं हेच होतं. मशीनची पुस्तिका काढायची आणि वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे चारही आकडे जुळवायचे.

बंद पडण्यापेक्षा धोक्याचं काय?

कन्व्हर्टर मेला तर निदान कळतं. अर्धवट चालणारा जास्त घातक.

कॉम्प्युटरच्या भाषेत '५' हे अक्षर ००११०१०१ असं लिहितात आणि '७' हे ००११०१११ असं. फरक फक्त एका बिटाचा. सैल कनेक्टर, थकलेला कपॅसिटर, नाहीतर मोटरच्या वायरीशेजारून नेलेली केबल यामुळे तेवढा एक बिट वाटेत उलटला, तर ३.५ फॅटचं ३.७ होऊ शकतं. दुसरा एक बिट उलटला तर ३.४. स्क्रीनवर कचरा दिसत नाही, एरर येत नाही. आकडा अगदी खरा वाटतो.

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. त्यामुळे असा आकडा कुणाच्या तरी खिशातून जातो, एक तर शेतकऱ्याच्या नाहीतर डेअरीच्या. वजनकाट्यावरही तेच.

यावर उपाय आहेत. मशीनमध्ये पॅरिटीची सोय असेल तर ती चालू ठेवायची, एक बिट उलटला तर ती पकडते. मशीन चेकसम पाठवत असेल तर सॉफ्टवेअर ते तपासतं का, हे विक्रेत्याला विचारायचं. केबल लहान ठेवायची, आरएस-२३२ साठी १५ मीटर हा जुना अंदाज अजूनही उपयोगी आहे. अंतर खूपच असेल तर आरएस-४८५ हा प्रकार वापरायचा. तो दोन तारांमधला फरक मोजतो, म्हणून दोन्हींवर सारखाच आलेला गोंधळ आपोआप वजा होतो आणि १२०० मीटरपर्यंत जाता येतं.

आणि सगळ्यात सोपा उपाय कुणीही करू शकतं. मशीनच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि पावतीवरचा आकडा अधूनमधून ताडून बघायचा. फरक दिसला तर माणसावर आळ घेण्याआधी एकदा तारेवरही संशय घ्यायचा. आणि तार, कन्व्हर्टर, सेटिंग सगळं नीट निघालं, तर मग माणसांना प्रश्न विचारायचा हक्कही पक्का होतो.

दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी

क्रम एवढाच ठेवायचा. कॉम नंबर बघा, लूपबॅक करा, गप्प लाइनचं व्होल्टेज मोजा, वायरी आणि ग्राउंड तपासा, सेटिंग जुळवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर बिघाड कशात होता ते कळत नाही आणि तो परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मशीनचं झाकण उघडून २३० व्होल्टच्या भागात मात्र हात घालायचा नाही. या सगळ्या चाचण्या बाहेरच्या वायरीवर किंवा ५ व्होल्टच्या सर्किटवरच होतात.

दोन गोष्टी आजच करून ठेवता येतील. मशीन नीट चालू असताना त्याचे कॉम नंबर, वेग आणि पॅरिटी एका कागदावर लिहून मशीनलाच चिकटवायचे. आणि चालतोय याची खात्री केलेला एक जादा कन्व्हर्टर कपाटात ठेवायचा. संशय आला की तो लावून बघायचा. त्याने काम चालू झालं, तर नव्या बोर्डाचा खर्च वाचला. नाही झालं, तर दुरुस्तीवाल्याला निदान नेमकं सांगता येईल की अलीकडचं सगळं तपासलंय, आता मशीन बघा.